आकडा सांगा, अधिक-उणेही सांगा

कामं उरकून रेडिओजवळ बसला असाल, नाहीतर भाकरी थापता थापता कान इकडं दिला असेल. आज मी बियाणं, खत, फवारणी यातलं काही सांगणार नाही. आज बोलायचंय ते आकड्याबद्दल. पाऊस इतके टक्के पडणार, उतारा इतके क्विंटल येणार, असं जे कुणी ना कुणी आपल्याला सांगत असतं, त्या आकड्याबद्दल.

मी आमच्या बचत गटाची सचिव. वही माझ्याकडं असते. म्हणून आधी माझीच चूक सांगते.

माझी धाकटी जाऊ आमच्याच गटात आहे. तिच्या वाट्याला दोन एकर रान. दोन वर्षांमागं तिच्या मुलानं मोबाईलवर एक ॲप घेतलं. त्यात गट नंबर टाकला, पेरणीची तारीख टाकली, सोयाबीनचं वाण टाकलं, की ते ॲप सांगतं, तुमच्या रानात एकरी उतारा इतका येईल. तिच्या रानाला सांगितलं, एकरी आठ क्विंटल. दोन एकरांचे सोळा. आकडा बघून घरात सगळ्यांची तोंडं उजळली. तिनं गटाकडं चाळीस हजारांचं कर्ज मागितलं. मुलाची फी, बियाणं, खत, आणि पडवीवर नवे पत्रे. बैठकीत मी विचारलं, "फेडणार कशी?" तिनं मोबाईल दाखवला. मी आकडा बघितला आणि कागदावर सही केली.

रास झाली तेव्हा दोन एकरांत नऊ क्विंटल भरलं. एकरी साडेचार.

पुढचे तीन महिने ती बैठकीला आली नाही. एकाच वाड्यात राहतो आम्ही, पण आडावर दिसली तरी ती मान खाली घालायची. पैशाचं नंतर निभलं, हप्ते वाढवून दिले. पण एक गोष्ट माझ्या मनातनं जाईना. ॲप खोटं बोललं होतं का? तर नाही. त्यानं त्याच्याकडच्या नोंदींवरून हिशेब केला होता. चूक ही होती की त्यानं एकच आकडा सांगितला आणि आम्हीही एकच आकडा ऐकला. तो आकडा किती वर-खाली होऊ शकतो, हे त्यानं सांगितलं नाही. आणि सचिव असून मीही विचारलं नाही.

म्हणून आजचं हे बोलणं. असा अंदाज तयार कसा होतो आणि त्यात वर-खाली किती धरायचं, हे आपण आपल्या वहीवरच करून बघू. बारावीचं गणित लागत नाही. वही, पेन्सिल, पट्टी आणि शिवणाचा काळा दोरा, एवढंच लागतं.

समजा, आपल्या गटात दहा बाया आहेत. प्रत्येकीनं चार वर्षांचा सोयाबीनचा एकरी उतारा लिहून ठेवला आहे. आणि त्या चार वर्षांत ऑगस्ट महिन्यात किती मिलीमीटर पाऊस झाला, तेही आपल्या महसूल मंडळाच्या नोंदीतनं घेतलं आहे. ऑगस्टच का, तर फुलं-शेंगा धरायच्या दिवसांत पाण्याचा ताण पडला की सोयाबीन मार खातं, हे आपल्याला ठाऊक आहे. मी जे आकडे सांगते ते शिकण्यापुरते घेतलेले आहेत, तुमच्या वहीत तुमचे येतील.

वहीच्या पानावर खाली आडवी रेघ ओढा, तिच्यावर पाऊस लिहा. डाव्या बाजूला उभी रेघ ओढा, तिच्यावर उतारा लिहा. आता प्रत्येकीच्या प्रत्येक वर्षासाठी एक ठिपका द्या. दहा बाया, चार वर्षं, चाळीस ठिपके. पान बघितलं की दिसेल, जिकडं पाऊस बरा तिकडं ठिपके थोडे वर. पण एका ओळीत नाहीत, तीळ सांडल्यासारखे पसरलेले.

आता काळा दोरा घ्या. दोघींनी दोन टोकं धरा आणि दोरा ठिपक्यांच्या मधनं असा ताणून धरा की साधारण निम्मे ठिपके वर, निम्मे खाली राहतील, आणि दोऱ्याचा चढ ठिपक्यांच्या चढासारखा असेल. झालं. शिकलेली माणसं याला रिग्रेशन म्हणतात. संगणक तो दोरा फार काटेकोर ताणतो, शिवाय पावसाबरोबर माती, तारीख, वाण अशा अनेक गोष्टी एकदम धरतो, पण मूळ काम हेच. ठिपक्यांच्या मधनं जाणारी रेघ काढायची आणि पुढच्या सालासाठी त्या रेघेवर बोट ठेवून आकडा वाचायचा.

समजा आपला दोरा असं सांगतो: साठ मिलीमीटरला तीन क्विंटल, शंभरला पाच, एकशे चाळीसला सात. मग यंदा ऑगस्टमध्ये शंभर मिलीमीटर झाला, तर अंदाज काय? पाच क्विंटल. ॲपही असंच सांगतं. पण वहीकडं नीट बघा. शंभर मिलीमीटरच्या वर जे ठिपके आहेत, त्यातला एक तरी बरोबर पाचवर आहे का? एक चारवर, एक सहावर, एक साडेतीनवर. पाच हा दोऱ्याचा आकडा आहे. रान कुणाचंच दोऱ्यावर नाही.

इथं दोन वेगळ्या शंका आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवायच्या. आजचं सगळं बोलणं या दोन शंकांचं आहे.

पहिली शंका दोऱ्याची. दोरा जिथं धरलाय तिथंच तो असायला हवा कशावरून? हे तपासायची सोपी रीत आहे. एका वर्षाचे दहा ठिपके हातानं झाका आणि उरलेल्या तीन वर्षांवर दोरा परत ताणा. मग दुसरं वर्ष झाका, परत ताणा. प्रत्येक वेळी दोरा थोडा हलतो. किती हलतो, तेवढी आपली दोऱ्याबद्दलची शंका. यात एक गंमत दिसेल. मधल्या पावसाला दोरा फारसा हलत नाही, टोकांना जास्त हलतो. तराजूची दांडी मधे धरलेली असते आणि टोकं वर-खाली होतात, तसं. म्हणजे नेहमीसारख्या सालाचा अंदाज बरा येतो, फार कोरड्या किंवा फार ओल्या सालाचा अंदाज जास्त डळमळीत असतो. आणि आपल्याला नेमकी भीती त्याच सालांची असते.

आणखी एक. आपण म्हणतो ठिपके चाळीस आहेत. पण साल किती? चारच. एका सालात दहाही बायांच्या रानावर पाऊस तोच. उद्या आपण शंभर बायांची नोंद घेतली तरी पावसाची सालं चारच राहतात. म्हणून कुणी मोठ्या आवाजात सांगितलं की आमच्याकडं हजारो शेतांची माहिती आहे, तर विचारायचं, "किती वर्षांची?" पावसाच्या बाबतीत वर्षं मोजायची, शेतं नाही.

दुसरी शंका रानाची. दोरा अगदी बरोबर धरला, वीस वर्षांच्या नोंदीनं पक्का केला, तरी माझं रान दोऱ्यावर असेल असं नाही. एकीचं रान मुरमाड, एकीचं काळं. एकीनं वेळेवर खुरपलं, एकीच्या घरी आजारपण. एकीकडं रानडुकरं घुसली. हे दोऱ्याला कळत नाही. ही शंका मोजायची रीतही सोपी आहे. प्रत्येक ठिपका दोऱ्यापासून किती क्विंटल वर किंवा खाली आहे ते पट्टीनं मोजून लिहा. मग सगळ्यांत वरचे चार आणि सगळ्यांत खालचे चार ठिपके बाजूला ठेवा. राहिले बत्तीस. चाळीसातले बत्तीस, म्हणजे दहातले आठ. हे बत्तीस दोऱ्यापासून किती अंतरात आहेत ते बघा. समजा दीड क्विंटल.

आता अंदाज नीट सांगता येतो. "शंभर मिलीमीटर पाऊस झाला तर माझा उतारा एकरी साडेतीन ते साडेसहा क्विंटल, दहातल्या आठ वेळा. उरलेल्या दोन वेळा याच्याही बाहेर." बघा, हा अंदाज ऐकायला "पाच क्विंटल" एवढा गोड लागत नाही. पण खरा हाच.

या दोन शंकांतला फरक लक्षात ठेवा. जास्त वर्षांची नोंद ठेवली की दोऱ्याची शंका कमी होत जाते. रानाची शंका मात्र नोंद वाढवून फार कमी होत नाही, कारण रानं वेगवेगळीच राहतात. म्हणून तालुक्याची सरासरी बऱ्यापैकी अचूक सांगता येते, आणि तुमच्या माझ्या एका वावराचा उतारा त्याच माणसाला, त्याच संगणकाला, तितका अचूक सांगता येत नाही. सरासरीत एकीचं जास्त दुसरीच्या कमीनं भरून निघतं. पण माझी तूट माझ्या घरात कोण भरणार?

आपण वहीत जे केलं, तेच काम हवामान खातं फार मोठ्या प्रमाणावर शंभरावर वर्षं करत आलंय. १८७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर सरकारनं हवामान खात्याचे प्रमुख ब्लॅनफर्ड यांच्याकडं पावसाचा अंदाज मागितला. त्यांनी हिमालयातल्या बर्फावरून तो सांगायला सुरुवात केली, बर्फ जास्त तर पाऊस कमी. पुढं १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर नावाचे गणिती खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी जगभरच्या हवामानाच्या नोंदी घेऊन आपला पाऊस कशाकशाबरोबर वर-खाली होतो ते शोधलं आणि १९०९ पासून त्या रेघेवरून अंदाज द्यायला सुरुवात केली. म्हणजे आपला काळा दोराच. याच खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं. पुण्यात शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक अजून सिमला ऑफिसच म्हणतात.

१९८८ मध्ये डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवी रीत आणली. सोळा खुणा धरून देशाचा पाऊस सांगायचा. बऱ्याच वर्षी अंदाज बरा जुळत गेला. मग आलं २००२ साल. अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्के, अधिक-उणे ४. म्हणजे ९७ ते १०५. प्रत्यक्षात पडला ८१ टक्के. जुलैमध्ये तर देशात नेहमीच्या निम्माच पाऊस झाला. तुमच्यापैकी पुष्कळजणींना तो जुलै आठवत असेल.

आता यातनं काय शिकायचं? अंदाज चुकला म्हणून हवामान खात्याला नावं ठेवायची, हे तर सगळेच करतात. आपण वहीवाल्या बायका, आपण दुसरं बघू. अधिक-उणे ४ हा आकडा आला कुठनं? तो मागच्या वर्षांतल्या चुकांवरनं आला, आपण पट्टीनं अंतर मोजलं तसाच. आणि मागची वर्षं थोडी, खुणा मात्र सोळा. मापावर फार तंग शिवलेलं पोलकं त्या एका अंगावर अगदी चोख बसतं, पण अंग जरा बदललं की शिवण उसवते. खुणा जास्त आणि सालं कमी असली की रेघ मागच्या सालांवर चोख बसते, त्यामुळं चूक छोटी दिसते, आणि पुढच्या सालाला ती उसवते. खात्यानं हे ओळखलं. २००३ मध्ये कमी खुणांची नवी रीत आणली, पुढं ती आणखी बदलली. २०२१ पासून तर वेगवेगळ्या संगणकी नमुन्यांची मतं एकत्र करून अंदाज देतात. पण अधिक-उणे सांगायचं त्यांनी सोडलं नाही, ही त्यांची खरी गोष्ट.

म्हणून बातम्यांत जेव्हा ऐकाल की यंदा पाऊस सरासरीच्या अमुक टक्के, तेव्हा तिथंच रेडिओ बंद करू नका. पुढचे शब्द ऐका. एप्रिलच्या अंदाजाला ते अधिक-उणे ५ टक्के सांगतात, नंतर सुधारलेल्या अंदाजाला ४. सरासरी म्हणजे जून ते सप्टेंबर देशभरात ८७ सेंटीमीटर, १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची.

आणि ते अधिक-उणे म्हणजे काही पक्कं कुंपण नव्हे. २००९ मध्ये एप्रिलचा अंदाज ९६ होता, पडला ७८. २०१९ मध्ये अंदाज ९६ होता, पडला ११०. दोन्ही कुंपणाबाहेर, एक खाली, एक वर. २०२३ मध्ये अंदाज ९६, पडला ९४. २०२४ मध्ये अंदाज १०६, पडला १०८. हे दोन्ही आत. म्हणजे पुष्कळदा आत, काही वेळा बाहेर. आपल्या वहीतल्या दहातल्या आठसारखंच. जो म्हणेल की माझा अंदाज कधीच बाहेर जात नाही, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही.

आता त्या दुसऱ्या शंकेकडं परत या, रानाच्या. हवामान खात्याचा तो मोठा आकडा सगळ्या देशाचा असतो. देशाचे पावसासाठी ३६ विभाग केलेत, त्यातला आपला मराठवाडा एक. २०१५ मध्ये जूनचा सुधारित अंदाज होता ८८ टक्के, अधिक-उणे ४. देशात पडला ८६. अंदाज बरोबर. पण मराठवाड्यात त्या साली सरासरीपेक्षा ४० टक्के कमी पाऊस झाला. पुढच्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. देशाचा अंदाज खरा ठरला आणि आपल्या घागरी रिकाम्या राहिल्या, दोन्ही एकाच वेळी खरं.

उलटंही होतं. २०२५ चा सुधारित अंदाज होता १०६, अधिक-उणे ४. देशात पडला १०८. पुन्हा अंदाज बरोबर. आणि आपल्या जिल्ह्यात सप्टेंबरमध्ये काय झालं ते सांगायला नको. परंडा, भूमच्या बाजूला गावं पाण्यात, माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली, काढणीला आलेलं सोयाबीन गेलं, कुठं कुठं मातीसुद्धा खरवडून गेली. १०८ टक्के या आकड्यात परंड्याचं पाणी दिसत नाही. म्हणून देशाचा आकडा ऐकायचा, पण तो आपल्या वावराचा समजायचा नाही.

त्या पुरानं आणखी एक गोष्ट शिकवली. आपला दोरा आठवा. शंभरला पाच, एकशे चाळीसला सात. तसाच दोरा पुढं ओढत नेला तर तीनशे मिलीमीटरला किती? पंधरा क्विंटल! वहीत तसं दिसतं. पण तीनशे मिलीमीटर पडला तर शेंगा पाण्यात कुजतात. दोऱ्याला हे कसं कळणार? आपल्या चार सालांत तसा पाऊस कधी झालाच नव्हता. जिथवर ठिपके आहेत तिथवरच दोऱ्याचं ऐकायचं. ठिपके संपले की पुढं दोरा नाही, नुसता आपला हात आहे. आणि हवामान बदलतंय म्हणतात, त्याचा आपल्यासाठी एक अर्थ हाच, की ठिपक्यांच्या बाहेरची सालं आता जास्त येऊ लागलीत.

आपली जुनी माणसं पंचांगातनं नक्षत्राचं वाहन बघायची. मृगाला बेडूक, नाहीतर म्हैस, की पाऊस चांगला. गाढव आलं की तोंड वाकडं करायची. अजूनही बघतात, त्यात काही वावगं नाही. पण माझ्या सासूबाई वाहन बघूनसुद्धा एक करायच्या. बियाणं कधी सगळं एकदम रानात टाकायच्या नाहीत. घरात एक मडकं शिल्लक असायचंच. अधिक-उणे हा शब्द त्यांना माहीत नव्हता, पण ते मडकं म्हणजे त्यांचं अधिक-उणेच होतं.

मग आता करायचं काय? अंदाज ऐकायचेच नाहीत का? ऐकायचे. अंदाज नसण्यापेक्षा असलेला बरा. फक्त एका आकड्यावर संसार टांगायचा नाही. पैशाचा हिशेब करून दाखवते.

समजा एकरी खर्च अठरा हजार आणि भाव क्विंटलला चार हजार. दोऱ्याचा आकडा पाच क्विंटल, म्हणजे वीस हजार. दोन हजार सुटले, असं वाटतं. वरचा आकडा साडेसहा, म्हणजे सव्वीस हजार. आठ हजार सुटले. खालचा आकडा साडेतीन, म्हणजे चौदा हजार. चार हजार अंगावर. आता सांगा, कर्ज कुठल्या आकड्यावर घ्यायचं? खालच्या. कारण खालचं साल आलं तरी हप्ता द्यावाच लागतो. आणि पोती, मळणी, माणसं यांची तयारी कुठल्या आकड्यावर ठेवायची? वरच्या. मधला आकडा बोलण्यापुरता.

आणि हे तर ऑगस्टचा पाऊस माहीत आहे असं धरून झालं. जूनमध्ये कर्ज घेताना ऑगस्टचा पाऊस कुणाला माहीत असतो? तो साठही होईल, एकशे चाळीसही होईल. म्हणजे दोरा स्वतःच तीनपासून सातपर्यंत फिरतो, आणि वर रानाचा दीड क्विंटल आहेच. खाली दीड, वर साडेआठ. दोन्ही वाईट गोष्टी एकाच साली येतीलच असं नाही, त्यामुळं हे थोडं जास्त रुंद झालं. पण जूनमधल्या अंदाजाचं खरं रूप असं असतं. हे बघून घाबरायचं नाही, त्याप्रमाणं वागायचं.

वागायचं म्हणजे कसं? जे काम दोन्ही टोकांना उपयोगी पडतं ते आधी करायचं. रुंद वरंबा सरीवर पेरलं तर पाऊस ताणला तेव्हा ओल टिकते आणि जास्त झाला तेव्हा पाणी सरीतनं निघून जातं. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घेतल्या तर एक गेलं तरी दुसरं उभं राहतं. कृषी विभाग सांगतो तसं ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस होऊन पुरेशी ओल झाल्याशिवाय पेरायचं नाही. पहिल्या सरीला पेरलं आणि पाऊस लांबला, की दुबार पेरणीत बियाण्याचे पैसे दोनदा जातात. ही सगळी कामं अंदाज चुकला तरी चुकत नाहीत.

आणि कुणी तुम्हाला आकडा सांगितला, मग ते ॲप असो, बियाण्याचा दुकानदार असो, विम्याचा माणूस असो की शिबिरातले साहेब, त्यांना चार प्रश्न विचारा. आत्ता लिहून घ्या.

पहिला: यात अधिक-उणे किती, आणि दहातल्या किती वेळा?

दुसरा: हा आकडा सरासरीचा, की माझ्या एका रानाचा?

तिसरा: किती वर्षांच्या नोंदीवरून, आणि कुठल्या गावांच्या?

चौथा: यंदासारखं साल त्या नोंदीत कधी होतं का?

उत्तर देता आलं नाही तर रागवायचं नाही. फक्त त्या आकड्यावर कर्ज घ्यायचं नाही.

आमच्या गटानं आता नियम केलाय. कर्जाच्या अर्जावर उताऱ्याचे दोन आकडे लिहायचे, खालचा आणि वरचा. एकच लिहिला तर अर्ज परत. मंजुरी खालच्या आकड्यावर. सुरुवातीला बाया कुरकुरल्या, कर्ज कमी मिळतं म्हणून. मिळतं खरं कमी, ते मी नाकारत नाही. फी भरायची असते तेव्हा कमी कर्ज टोचतं. पण त्यासाठी आम्ही गटात वेगळी अडीअडचणीची पेटी केली, दर बैठकीला थोडे थोडे टाकून. ती पेटी म्हणजे सासूबाईंचं मडकं.

आणि उताऱ्याची वही आता माझ्याकडं नाही, माझ्या जावेकडं आहे. एका बैठकीला मी तिच्या दारात जाऊन म्हटलं, "चल, मला एकटीला दोरा धरता येत नाही, दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं." ती आली. मागच्या रास झाल्यावर प्रत्येकीच्या खळ्यावर जाऊन तिनंच वजनं लिहून आणली. आमचे ठिपके अजून थोडेच आहेत, सालं तर फारच थोडी. दर साली दहा वाढतात.

तुम्हीही यंदापासून सुरू करा. उतारा लिहा, पाऊस लिहा, चांगलं साल लिहा आणि वाईट सालही लाज न बाळगता लिहा, कारण वाईट साल वहीत नसलं तर दोरा खोटा पडतो. पुढच्या वर्षी आपापल्या वह्या घेऊन बसू, तोवर नमस्कार.